ब्राउझर फास्ट करून देतो म्हणाले आणि साडेतेवीस हजार घेऊन गेले

मी घरून शिकवणीवर्गांच्या प्रश्नपत्रिका टाईप करून देते. दिवसाचे सहा-सात तास क्रोम उघडं असतं. दिवाळीनंतर ते इतकं रेंगाळायला लागलं की चहा गाळून परत आलं तरी पान उघडलेलं नसायचं. त्यात उजवीकडे खाली सारखा एक चौकोन उगवायचा, 'तुमच्या संगणकात 5 व्हायरस सापडले'. धास्तावून मी क्रोमची हेल्पलाइन शोधली आणि सगळ्यात वर दिसलेला नंबर फिरवला. त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरांत 'स्पॉन्सर्ड' होतं, म्हणजे ती पैसे भरून लावलेली जाहिरात होती. मी ते वाचलं नाही. घरगुती वापरासाठी क्रोमची फोनवरची हेल्पलाइन नसतेच, हे मला नंतर कळलं.

पलीकडचा मुलगा हिंदीत, फार अदबीने बोलत होता. त्याने एक ॲप टाकायला लावलं, त्यातला कोड विचारला आणि माझ्या डोळ्यांसमोर माउसचा बाण आपोआप हलायला लागला. त्याने विंडोजमधलं 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडलं. पानभर लाल गोळे. "मॅडम, मोजा," म्हणाला. मी बोट ठेवून चाळीसपर्यंत मोजले आणि हातपाय गार पडले.

हे नीट वाचा. तसे लाल गोळे चांगल्या चालणाऱ्या संगणकातही असतात. एखादी सेवा वेळेवर सुरू झाली नाही एवढ्याचीसुद्धा तिथे नोंद होते. तो व्हायरसचा पुरावा नव्हे.

तीन वर्षांच्या 'सफाई'चे त्याने 4,999 रुपये मागितले, मी यूपीआयने दिले. मग एका काळ्या खिडकीत अक्षरं धावायला लागली. भाच्याने नंतर मला तीच आज्ञा करून दाखवली. 'ट्री' एवढंच टाईप करायचं, की संगणकातल्या फोल्डरांची यादी सरसर छापली जाते. सफाई वगैरे काही होत नाही. त्या दुपारी क्रोम जरा पळालं, कारण त्याने माझे सगळे टॅब बंद केले होते.

चौथ्या दिवशी पुन्हा फोन. कंपनी बंद होतेय, पैसे परत करायचेत, व्हॉट्सॲपवर पाठवलेला क्यूआर स्कॅन करून पिन टाका. मी टाकला. खात्यातून 18,500 गेले. पैसे येण्यासाठी पिन कधीच लागत नाही. क्यूआर स्कॅन करून पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात.

लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि बँकेला कळवलं. रविवारी भाचा आला. "मावशी, आधी हे ॲप काढू आणि नेट बंद ठेवू," म्हणाला. मग माझे सगळे पासवर्ड त्याने स्वतःच्या फोनवरून बदलायला लावले.

त्यानंतर क्रोमकडे वळलो. शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की क्रोमचा टास्क मॅनेजर उघडतो आणि कोण किती मेमरी खातंय ते दिसतं. माझ्याकडे सगळ्यात वर एक कूपन शोधणारं एक्स्टेंशन, म्हणजे क्रोमला वरून जोडलेला छोटा प्रोग्राम होता, मी कधी टाकलं ते आठवतही नाही. अशी अकरा निघाली, दोन ठेवली. सेटिंग्जमध्ये 'परफॉर्मन्स'खाली 'मेमरी सेव्हर' चालू केलं. वापरात नसलेले टॅब ते झोपवून ठेवतं.

व्हायरसचा तो चौकोन कुठून यायचा, ते 'साइट सेटिंग्ज'मधल्या 'नोटिफिकेशन्स'मध्ये सापडलं. 'अलाउ' केलेल्या यादीत एक अनोळखी साइट होती. मुलीसाठी मालिकेचा भाग शोधताना एका पानावर 'तुम्ही रोबोट नाही हे दाखवायला अलाउ दाबा' असं आलं होतं, तीच ही. ती काढली आणि चौकोन बंद झाला. एवढ्यानेही भागलं नसतं तर 'रिसेट सेटिंग्ज' होतं. त्यात बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड जात नाहीत, एक्स्टेंशन्स मात्र बंद होतात.

या सगळ्याला वीस मिनिटं लागली आणि एक पैसा लागला नाही.

18,500 पैकी 7,200 रुपये पुढच्या खात्यात गोठवले गेलेत, ते सोडवण्याचा अर्ज काल दिला. कालच शेजारच्या काकूंनी त्यांचा लॅपटॉप आणून दाखवला. त्यांच्याही स्क्रीनवर तोच चौकोन होता, आणि खाली एक फोन नंबर.