विजेवरचा कॉफी पर्कोलेटर : तीन वर्षांच्या वापरानंतर

पर्कोलेटरमधील कॉफी उकळून निघते, म्हणून ती कडूच होणार, असा या यंत्रावरचा जुना आरोप आहे. आठ कपांचा, स्टेनलेस स्टीलचा, विजेवर चालणारा पर्कोलेटर तीन वर्षे जवळजवळ रोज वापरल्यावर मला हा आरोप निम्माच खरा वाटतो. कडवटपणाचे बीज यंत्राच्या रचनेत आहेच, परंतु ते कपापर्यंत पोहोचते ते बहुधा वापरणाऱ्याच्या दोन-तीन सवयींमुळे.

भांड्याच्या तळाशी मध्यभागी एक लहान खळगा असतो आणि तापण्याची सोय नेमकी तिथे केलेली असते. त्यामुळे खळग्यातील थोडेसे पाणी आधी उकळते, वाफेचे बुडबुडे त्या पाण्याला उभ्या नळीतून वर ढकलतात, ते झाकणाच्या पारदर्शक घुंडीवर आपटून सच्छिद्र चकतीवर पसरते आणि खालच्या टोपलीतील कॉफीतून झिरपून परत भांड्यात पडते. याचा अर्थ असा की, पहिल्या काही फेऱ्यांनंतर पुडीवर पडते ते पाणी नसून आधीच तयार झालेली कॉफी असते. पाणी वर खेचण्याची ही कल्पना १८१९ मध्ये पॅरिसमधील लोरां नावाच्या पत्राकाम करणाऱ्या कारागिराने मांडली, आणि १८८९ मध्ये अमेरिकेतील हॅन्सन गुडरिच यांनी पेटंट घेतलेल्या चुलीवरच्या पर्कोलेटरात आजची रचना जवळपास पूर्ण दिसते. विजेमुळे त्यात मुख्य भर पडली ती थर्मोस्टॅटची.

हा थर्मोस्टॅट समजून घेतला नाही, तर यंत्र आपल्याला फसवते. कॉफी किती उतरली आहे हे त्याला कळत नाही; त्याला कळते ते केवळ तापमान, आणि ठरलेल्या तापमानाला तो मुख्य उष्णता बंद करून गरम ठेवणारी मंद उष्णता सुरू करतो. सुरुवातीच्या काळात वेळ वाचवण्यासाठी मी भांड्यात गरम पाणी ओतत असे. गुडगुड लवकर थांबायची, कॉफी तयार झाल्याचा दिवा लागायचा, आणि कपात तांबूस रंगाचे पाणचट पेय यायचे. आठवडाभर मी कॉफीच्या पुडीलाच दोष देत राहिलो. पाणी थंडच घ्यायला हवे, कारण ते तापण्यास लागणारा वेळ हाच कॉफी उतरण्याचा वेळ आहे. आठ कपांच्या भांड्यात दोनच कप करायला गेल्यास तेच घडते : थोडे पाणी झटकन तापते आणि फेऱ्या अपुऱ्या राहतात. निम्म्याहून कमी भरून मला एकदाही समाधानकारक कॉफी मिळालेली नाही.

दळणाबाबत तडजोड नको. पूड रव्यासारखी भरड असावी. बारीक पूड टोपलीच्या छिद्रांतून खाली गळते आणि फेऱ्यागणिक तिच्यातील कडवट अंश अधिकाधिक उतरत राहतो. गाळणकॉफीसाठी दर लिटरला साधारण ६० ग्रॅम पूड घेण्याची रीत आहे. येथे तेच द्रव पुन्हा पुन्हा फिरत असल्यामुळे मी सव्वा लिटरला ६० ग्रॅमवर थांबतो. पूड भरण्यापूर्वी टोपली पाण्याखाली धरून ओली केली, तर बारीक कण तिला चिकटतात आणि कपातील गाळ जाणवण्याइतका कमी होतो. मध्ये भोक असलेला गोल कागदी फिल्टर वापरला, तर गाळाबरोबर कॉफीतील तेलेही बरीचशी अडतात. या तेलांतील कॅफेस्टॉल हा घटक रक्तातील कोलेस्टेरॉल वाढवतो, त्यामुळे ज्यांना ते जपावे लागते त्यांनी कागद टाळू नये.

सर्वांत महत्त्वाची सवय मात्र दिवा लागल्यानंतरची आहे. टोपली आणि नळी लगेच बाहेर काढावी. ती आत राहिल्यास ओल्या चोथ्यातून कडवट थेंब पडत राहतात आणि वाफेमुळे चोथा आणखी शिजतो. गरम ठेवण्याच्या सोयीचे कौतुक खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेले असते, पण माझ्या मते ती या यंत्राची सर्वांत कमकुवत बाजू आहे. वीस मिनिटांनंतर कॉफी गरम असते, चांगली नसते. मी ती थर्मासमध्ये ओतून वायर काढून ठेवतो. घरभर सुटणाऱ्या सुगंधाचेही तसेच आहे. तो मलाही आवडतो, पण घरात दरवळलेला वास कपातून वजा झालेला असतो.

स्वच्छता कंटाळवाणी आहे. नळी आतून लांब ब्रशने रोज घासावी लागते, नाहीतर तिच्यातील तेले खवट होतात, आणि विजेची जोडणी असलेला तळ पाण्यात बुडवता येत नाही. दुसऱ्या वर्षी यंत्र अडखळू लागले, पाणी वर चढेना, तेव्हा ते बिघडले असे मी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात तळाच्या खळग्यात क्षारांचा पांढरा थर साचला होता. लिंबूसत्त्व घातलेले पाणी टोपलीशिवाय एकदा फिरवले, मग साध्या पाण्याच्या दोन फेऱ्या दिल्या, आणि गुडगुड पूर्ववत सुरू झाली. आता हे काम मी दर दोन महिन्यांनी करतो.

हलक्या भाजणीच्या दाण्यांतील फळांसारखी आंबट-गोड छटा ज्यांना हवी, त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. ती येथे टिकत नाही. एकट्याने एक कप पिणाऱ्यालाही हे भांडे मोठेच पडेल. मध्यम किंवा गडद भाजणीची, कडक आणि चटका बसेल इतकी गरम कॉफी एकाच वेळी सहा-आठ जणांना द्यायची असेल, तर मात्र मी अजूनही यालाच हात घालतो. विकत घेताना वायर सुटी होणारी आहे ना आणि झाकण घट्ट बसते ना, एवढे पाहून घ्यावे, कारण ओतताना सैल झाकण कपात पडते आणि त्याबरोबर उकळती कॉफी हातावर येते.