न्यू जर्सीतलं कॉलेज काउन्सेलिंगचं "सीनियर इयर" पॅकेज: पैसे कुठे वसूल झाले आणि कुठे नाही

लेकीचं सीनियर इयर, म्हणजे इथल्या हायस्कूलचं शेवटचं वर्ष, बारावी, जून २०२५ मध्ये संपलं, त्यामुळे आता शांतपणे रिव्ह्यू लिहायला हरकत नाही. आम्ही सेंट्रल जर्सीत राहतो आणि इथे आपल्या लोकांत मूल अकरावीत गेलं की "काउन्सेलर लावला का?" हे अगदी तसंच विचारतात जसं आमच्या वेळी पुण्यात "क्लास कुठला लावलास?" विचारायचे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मैत्रिणींनी इतर ठिकाणी घेतलेल्या पॅकेजचे कागद मी बघितलेत, लेटरहेड सोडलं तर सगळं सारखंच. डेंटिस्टच्या वरच्या मजल्यावर ऑफिस, भिंतीवर आयव्ही लीगचे झेंडे, टेबलावर फुकट पेनं, आणि पहिल्याच मीटिंगमध्ये "यू आर अ लिटल लेट" हे वाक्य. मूल दहावीत असलं तरी ते लेटच असतं म्हणे.

पॅकेज ४,८०० डॉलरचं. त्यात कॉलेजची लिस्ट, एसे, ॲक्टिव्हिटी लिस्ट, फायनान्शियल एड "गायडन्स" आणि शेवटी ग्रॅज्युएशन प्लॅनर नावाची एक पीडीएफ (ग्रॅज्युएशन म्हणजे इथे बारावी संपल्याचा शाळेतला समारंभ).

आधी चांगलं सांगते, कारण चांगलं होतं आणि ते मुख्यतः एकाच बाबतीत होतं: वेळापत्रक. ज्यांचं शिक्षण भारतात झालंय त्यांना हा प्रकार कळायलाच वेळ लागतो. आपल्याकडे मार्कशीट घ्यायची, फॉर्म भरायचा, लिस्ट लागली की नाव शोधायचं. इथे कॉमन ॲप, म्हणजे बऱ्याच कॉलेजांना चालणारा एकच ऑनलाइन फॉर्म, १ ऑगस्टला उघडतं, त्यात जास्तीत जास्त २० कॉलेजं टाकता येतात, पण प्रत्येक कॉलेजचे वेगळे सप्लिमेंट, म्हणजे जादाचे, एसे, वेगळी तारीख. अर्ली डिसिजन (लवकरचा पण बांधून घेणारा अर्ज, त्याबद्दल पुढे) बऱ्याच ठिकाणी १ किंवा १५ नोव्हेंबरला, न्यू जर्सीची सरकारी युनिव्हर्सिटी रटगर्स, तिची अर्ली अॅक्शन (लवकरचा अर्ज, पण बांधिलकी नाही) १ नोव्हेंबरला आणि तिथे मार्क मुलानेच एकेक विषय बघून टाईप करायचे, कॅलिफोर्नियाच्या यूसी, म्हणजे तिथल्या सरकारी युनिव्हर्सिटीच्या, कॉलेजांचा फॉर्म अजूनच निराळा, त्यात आठातले चार प्रश्न निवडून प्रत्येकी ३५० शब्दांत उत्तरं आणि एसएटी या प्रवेशपरीक्षेचा स्कोअर ते बघतच नाहीत, एमआयटी कॉमन ॲपवर नाहीच, त्यांचा फॉर्म स्वतःचा. हे सगळं एका एक्सेल शीटमध्ये रंग लावून त्यांनी दिलं. त्याहून मोठं म्हणजे त्यांच्याकडे एक कोऑर्डिनेटर मुलगी होती, पंचविशीची असेल, ती दर बुधवारी संध्याकाळी फोन करायची. मी विचारलं "सप्लिमेंट झालं का गं?" की खोलीचं दार आपटायचं, आणि तेच तिने विचारलं की "या, आय्ल सेंड इट टुनाइट" आणि खरंच पाठवायची! सप्टेंबर ते डिसेंबर आमच्या घरात जी काही शांतता राहिली ती या मुलीमुळे. या भागाला पाच स्टार, मनापासून.

आता कॉलेजची लिस्ट. रीच (मिळणं अवघड), टार्गेट (मिळेलसं), सेफ्टी (नक्की मिळेल असं) असे तीन गट, दिसायला छान. पण लिस्टमध्ये प्रत्येक कॉलेजपुढे छापील फी लिहिली होती, आमच्यासारख्या घराला खरी किती पडेल ते कुठेच नाही. हे कळायला काही लागत नाही, प्रत्येक कॉलेजच्या वेबसाइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, फेडरल कायद्याने २०११ पासून ठेवावाच लागतो, आपलं उत्पन्न आणि बचत टाकली की अंदाजे आकडा येतो. मी आणि नवऱ्याने एका रविवारी बसून सगळ्या लिस्टचे आकडे काढले तर "सेफ्टी" म्हणून दिलेलं एक प्रायव्हेट कॉलेज आम्हाला "रीच"पेक्षा महाग पडत होतं. ही कसली सेफ्टी? मीटिंगमध्ये हे सांगितलं तर काउन्सेलर म्हणतात, "मनी इज अ सेपरेट कॉन्व्हर्सेशन." अहो सेपरेट कसं काय, आमच्याकडे तर तेच पहिलं कॉन्व्हर्सेशन आहे.

आणि अर्ली डिसिजनचा आग्रह. ईडी म्हणजे एकाच कॉलेजला शब्द द्यायचा की घेतलंत तर येणारच, त्यावर मुलाची, पालकांची आणि शाळेच्या काउन्सेलरची, तिघांची सही लागते. ज्यांना फीची चिंता नाही किंवा ज्यांनी कॅल्क्युलेटरवर आकडा बघून ठेवलाय त्यांनी खुशाल करावं, पण ज्यांना मार्चमध्ये चार ठिकाणच्या ऑफर शेजारी शेजारी ठेवून बघायच्यात त्यांच्यासाठी हे नाही. आम्हाला मात्र प्रत्येक मीटिंगमध्ये ईडी, ईडी. माझा संशय असा की ईडीने त्यांचे "ॲक्सेप्टन्स"चे पोस्टर डिसेंबरातच छापून होतात. आम्ही केलं नाही ईडी.

एसेबद्दल मात्र मला जास्त बोलायचंय.

कॉमन ॲपचा मुख्य एसे ६५० शब्दांपर्यंत. सात विषय देतात, सातवा "तुमच्या आवडीचा कुठलाही". लेकीने लिहिलं होतं टेनिसबॉल क्रिकेटबद्दल. आमच्या टाऊनमध्ये काकामंडळींची रविवारची लीग आहे आणि ही आठवीपासून तिथे स्कोअर लिहिते, कारण बाबा खेळायला जायचे आणि हिला घरी बसायचं नसायचं. तर तिचा पहिला ड्राफ्ट सुरू व्हायचा एका वाइडवरून. शेवटची ओव्हर, अंपायर म्हणजे बॅटिंग टीमचाच एक काका, त्याने वाइड दिला नाही, बॉलिंग टीम खूश, मग चार बॉलनंतर त्याला वाटलं की द्यायला हवा होता आणि तो येऊन हिला म्हणतो, "बेटा, एक रन ॲड कर ना." हिने केला नाही. चौदा वर्षांची मुलगी, समोर चाळिशीचे अकरा इंजिनियर, आणि ही म्हणते "अंकल, पुढचा बॉल पडला, आता नाही होणार." मग दोन परिच्छेद नुसते त्या वहीबद्दल, ती पेन्सिलनेच का लिहिते, डॉट बॉलच्या ठिपक्यांची रांग लागली की तिला वर न बघताही कळतं की आता कोणीतरी मूर्खासारखा शॉट मारणार. मला वाचताना हसू आलं. माझी मुलगी त्यात बोलत होती.

कंपनीच्या एसे एडिटरकडून तो परत आला तेव्हा त्यातून वाइड गेला होता. आता सुरुवात होती "ॲज अ डॉटर ऑफ इमिग्रंट्स", मध्ये "लीडरशिप" तीन वेळा, "कम्युनिटी" चार वेळा, आणि शेवटी ती दोन संस्कृतींमधला पूल झाली होती. पूल! जिने आयुष्यात कधी स्वतःला असं काही म्हटलेलं नाही. काकाचा डायलॉग काढला का, तर म्हणे ॲडमिशन ऑफिसरला क्रिकेट कळणार नाही. अहो पण त्याला हटवादी स्कोअरर कळेल ना! लेक दोन दिवस त्या नव्या ड्राफ्टवर काम करत बसली कारण "दे आर एक्स्पर्ट्स", आणि मग शाळेतल्या इंग्लिशच्या टीचरला दाखवला. त्या बाईंनी वाचून एवढंच विचारलं की यातलं तू काय लिहिलंयस? मग जुना ड्राफ्ट काढला, बाईंनी त्यातली एक लांबलेली जागा दाखवली, शेवटचं एक वाक्य खोडायला सांगितलं, झालं. लंच पीरियडमध्ये, फुकट. पाठवला तो तोच, वाइडसकट.

ॲक्टिव्हिटी लिस्टमध्ये मात्र त्यांनी मदत केली हे मान्य करायला हवं. कॉमन ॲपमध्ये दहा ॲक्टिव्हिटीज आणि प्रत्येकीच्या वर्णनाला १५० कॅरॅक्टर, स्पेस धरून. आपली मुलं "आय वॉज रिस्पॉन्सिबल फॉर" लिहून वीसेक कॅरॅक्टर तिथेच घालवतात. कोऑर्डिनेटरने तिला क्रियापदाने सुरुवात करायला, "आय" काढायला आणि आकडे टाकायला शिकवलं. हे उपयोगी. पण ही एका तासाची गोष्ट आहे, पॅकेजची नाही.

फायनान्शियल एड "गायडन्स" म्हणजे एक झूम सेमिनार, पन्नास पालक म्यूटवर. त्यात फाफ्सा, म्हणजे केंद्र सरकारच्या शिक्षणमदतीचा फॉर्म, कसा भरायचा. फाफ्सा फुकट असतो, सरकारी साइटवर मुलाचं आणि पालकाचं वेगवेगळं अकाउंट काढून भरायचा असतो. एरवी १ ऑक्टोबरला उघडतो पण २०२३ मध्ये नवीन फॉर्मच्या गोंधळात डिसेंबरअखेर उघडला आणि आमच्या वर्षी सगळ्यांसाठी नोव्हेंबरमध्ये. सेमिनारमध्ये जुनीच स्लाइड, १ ऑक्टोबर. बरीच प्रायव्हेट कॉलेजं याशिवाय सीएसएस प्रोफाइल नावाचा मदतीचा दुसरा फॉर्म मागतात, तो एसएटी घेणाऱ्या कॉलेज बोर्डाचा, त्याला पहिल्या कॉलेजचे २५ डॉलर आणि पुढच्या प्रत्येकाचे १६, आणि उत्पन्न १ लाख डॉलरपर्यंत असेल तर अंडरग्रॅड मुलांना फी माफ. हे शेवटचं वाक्य त्यांनी सांगितलं नाही, लायब्ररीतल्या बाईंनी सांगितलं.

आणि इथे एक गोष्ट खास आपल्या लोकांसाठी लिहिते. आमची एक ओळखीची फॅमिली एच-१ वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आहे, मुलगा एच-४ वर, म्हणजे त्यांच्यावर अवलंबून असलेल्यांच्या व्हिसावर. एच-४ वाल्या मुलांना फेडरल एड मिळतच नाही, त्यासाठी सिटिझन किंवा ग्रीनकार्ड वगैरे लागतं. त्यांनाही हेच पॅकेज विकलं, फाफ्साच्या सेमिनारसकट, व्हिसा कुठला हे कोणी विचारलंसुद्धा नाही. त्यांना खरं विचारायचं होतं ते हे की कुठली प्रायव्हेट कॉलेजं इंटरनॅशनल धरून तरी स्वतःच्या पैशातून मदत देतात, आणि २१ पूर्ण झाल्यावर मुलाच्या स्टेटसचं काय. पहिल्याचं उत्तर शाळेतल्या काउन्सेलरने एका दुपारी शोधून दिलं, दुसऱ्यासाठी वकील. तुम्ही एच-१ वर असाल तर पैसे भरायच्या आधी हे दोन प्रश्न विचारा आणि समोरच्याचा चेहरा बघा.

तसंच एनजे स्टार्स. न्यू जर्सीत वर्गातल्या वरच्या १५ टक्के मुलांना आपल्या काउंटी कॉलेजची (जिल्ह्याचं दोन वर्षांचं कॉलेज) ट्यूशन राज्य भरतं, पुढे चार वर्षांच्या कॉलेजला ट्रान्सफर होता येतं. आम्ही तो रस्ता घेतला नाही, पण चार हजार डॉलर घेणाऱ्या माणसाने निदान उच्चार तरी करावा! काउंटी कॉलेज म्हटलं की ऑफिसात सगळ्यांच्या नाकाला मिरच्या झोंबतात.

एसएटीचं त्यांनी वेगळं पॅकेज विकायचा प्रयत्न केला, ते आम्ही घेतलं नाही. परीक्षा आता लॅपटॉपवर, २ तास १४ मिनिटांची, कॉलेज बोर्डाच्या ब्लूबुक ॲपमध्ये खऱ्यासारख्या प्रॅक्टिस टेस्ट फुकट आहेत आणि खान अकॅडमीही फुकट. जिथे मुलगी स्वतःहून बसते तिथे एवढं पुरतं. नाही बसत तर क्लास लावा, पण ते बसवण्याचे पैसे आहेत हे समजून लावा.

डिसेंबरनंतर काय झालं ते ऐका. एका कॉलेजने तिला डिफर केलं, म्हणजे ना हो ना नाही, मार्चमध्ये बघू. अशा वेळी आपल्याला अजून यायचंय असं एक पत्र पाठवतात आणि शाळा मिडइयर मार्क पाठवते. मी ऑफिसला फोन केला तर ते पत्र "आउटसाइड द पॅकेज", ३५० डॉलर वेगळे. बुधवारचे फोनही बंद झाले होते, कारण फॉर्म गेले की त्यांचं काम संपलं. शाळेच्या काउन्सेलरने, जिच्याकडे तीनशेच्या वर मुलं आहेत, त्याच आठवड्यात मार्क पाठवले आणि पत्रावर नजरही टाकली. शाळेच्या काउन्सेलरला लोक उगाच नावं ठेवतात. तिच्याकडे वेळ कमी असतो हे खरं, पण अकरावीच्या वसंतातच जाऊन भेटा, ब्रॅग शीट (मुलाने काय काय केलंय त्याचा शाळेचा फॉर्म) नीट भरून द्या, शिफारसपत्राला अकरावीचे टीचर उन्हाळ्याच्या सुट्टीआधीच विचारून ठेवा, मग ती ओळखते आपल्या मुलाला.

ग्रॅज्युएशन प्लॅनरची पीडीएफ म्हणजे कॅप-गाउनचा फोटो आणि "सेलिब्रेट!" लिहिलेलं कॅलेंडर. त्यात जे नव्हतं ते मी सांगते. सीनियर पोर्ट्रेट बऱ्याच शाळांत उन्हाळ्यातच काढतात, ती तारीख चुकली की इयरबुकमध्ये रिकामी चौकट. इयरबुक लवकर ऑर्डर केलं तर स्वस्त. १ मे पर्यंत कॉलेज ठरवून डिपॉझिट भरायचं. ते झालं की अभ्यास सोडायचा नाही, फायनल ट्रान्सक्रिप्ट जातो आणि मार्क फारच घसरले तर ॲडमिशन काढूनही घेतात. आणि तिकिटं! आमच्या शाळेत मैदानावरच्या समारंभाची तिकिटं वेगळी आणि पाऊस आला तर जिममध्ये बसायची वेगळी, ती घरटी दोनच. आजी-आजोबा सांगलीहून खास आलेले, व्हिसा इंटरव्ह्यूची तारीख मिळवण्यापासून सगळी खटपट करून, आणि सकाळपासून आभाळ भरलेलं. नवरा आणि मी दोघांनी आपली तिकिटं त्यांना देऊन टाकायचं ठरवलं होतं. पाऊस चारला थांबला, मैदानावरच झालं सगळं, आजोबांनी टोप्या उडाल्यावर विचारलं की या परत कशा ओळखायच्या. भारतातून कोणाला बोलावणार असाल तर हा तिकिटांचा हिशोब शाळेला मार्चमध्येच विचारा.

एकूण रेटिंग विचाराल तर अडीच स्टार, त्यातले दोन त्या कोऑर्डिनेटर मुलीचे. ज्या घरात आई-मुलीत तारखांवरून रोज वाजतं आणि पैसे जड नाहीत त्यांनी घ्यावं, पण एसे त्यांच्याकडे देऊ नये. बाकीच्यांनी तासावर कोणी मिळतं का बघा, ऑगस्टमध्ये दोन-तीन तास आणि ऑक्टोबरमध्ये एखादा. आणि कोणी "गॅरंटीड ॲडमिशन" म्हणालं तर तिथून उठाच.

धाकटा आता नववीत गेलाय. त्याच कंपनीचा ईमेल आला, "सिबलिंग डिस्काउंट, १० पर्सेंट ऑफ, डोन्ट बी लेट". मी उलट विचारलंय की फक्त बुधवारच्या फोनचे किती घ्याल. अजून उत्तर नाही.