स्मॅपचा ओलाव्याचा डेटा: तालुक्याला चालतो, वावराला नाही

नासाच्या स्मॅप उपग्रहाचा मातीतल्या ओलाव्याचा ९ किलोमीटरचा डेटा फुकट मिळतो, पण त्या ९ वर फार जाऊ नका. जानेवारी २०१५ मध्ये उपग्रह सुटला तेव्हा त्यावर रडार होतं. ते जुलैतच बंद पडलं. उरला १.४१ गिगाहर्ट्झचा रेडिओमीटर, म्हणजे जमिनीतून आपोआप निघणाऱ्या सूक्ष्मलहरी मोजणारं उपकरण, आणि त्याला एका वेळी दिसतो तो साधारण ३६ किलोमीटरचा तुकडा. एकमेकांवर चढलेल्या मोजमापांतून ९ किलोमीटरची जाळी गणिताने बसवलेली आहे. तरीही एका चौकटीत ८,१०० हेक्टर येतात! पावसाचा खंड कुठल्या तालुक्यात पडलाय हे छान कळतं. वाफसा आला का, हे नाही.

नासाच्या अर्थडेटा या संकेतस्थळावर खातं उघडलं की डेटाची एचडीएफ५ प्रकारातली फाइल उतरवता येते. उपग्रहाची सकाळी ६ ची फेरी घ्या. तेव्हा माती आणि पिकाचं तापमान जवळपास सारखं असतं. -९९९९ म्हणजे मोजमापच नाही, ते आधी गाळा. प्रत्येक आकड्यासोबत त्याच्या गुणवत्तेचा फ्लॅग, म्हणजे खुणेचा अंक असतो; त्यात ० सोबत ८ सुद्धा ठेवा, कारण ८ मध्ये फक्त माती गोठली की वितळली याची खूण लागलेली असते, ओलाव्याचा आकडा ठीकच असतो. बरेच जण हा चांगला डेटा उगाच फेकतात.

खरी गल्लत होते शेतातल्या मातीच्या नमुन्याशी पडताळणी करताना. स्मॅपचा आकडा घनफळाचा, ओव्हनमध्ये १०५ अंशांवर सुकवलेल्या नमुन्याचा वजनाचा. वजनाने २० टक्के आणि मातीची घनता दर घन सेंटीमीटरला १.३ ग्रॅम असेल, तर घनफळाने २६ टक्के. काळी माती वाळताना आकसते, घनता वाढते; म्हणून जुलै आणि एप्रिलला एकच १.३ लावू नका. नमुनाही वरच्या ५ सेंटीमीटरचाच हवा.

सह्याद्रीच्या दाट जंगलात भरवसा नको. उजनीसारख्या जलाशयाकाठच्या चौकटीही वगळलेल्या बऱ्या.

मुळांच्या थरासाठी स्मॅपचाच लेव्हल ४ हा डेटा आहे, मोजमाप आणि संगणकी मॉडेल मिळून केलेला: १ मीटर खोली, दर ३ तासांनी, खाडे नाहीत. दिसायला सुरेख, पण त्यात मोठा वाटा मॉडेलचा आहे आणि त्या मॉडेलला पाटाचं पाणी ठाऊक नाही. भर उन्हाळ्यात भिजवलेल्या उसाच्या पट्ट्यातही ते रान कोरडंच धरून चालतं.

वावराच्या पातळीवर जायचं तर सेंटिनेल-१ या युरोपीय उपग्रहांच्या सी-बँड (स्मॅपपेक्षा आखूड लहरींच्या) रडारकडे वळावं लागतं. तिथे नुकती नांगरट झालेलं कोरडं, ढेकळाचं रान ओलं दिसतं, त्यामुळे मशागतीच्या तारखा हाताशी हव्यातच.