कॅराव्हॅनच्या सांडपाण्याचा पाइप: रबरी जोडाचा एक उन्हाळा आणि एक पावसाळा

ट्रॅव्हलर व्हॅनवर बांधून घेतलेल्या कॅराव्हॅनचा सांडपाण्याचा पाइप टाकीच्या तोंडापाशी तुटला, की बांधून देणाऱ्यांचं उत्तर ठरलेलं: अख्खी लाइन बदलावी लागेल. वॉरंटी विचारली तर ती फर्निचर आणि वायरिंगला, गाडीच्या पोटाखालच्या कशालाच नाही. पैसे मोजून बदललेली लाइन परत त्याच एल्बोपाशी (वळणाच्या जोडापाशी) तडकली. मग तिसऱ्यांदा पैसे घालण्यापेक्षा मधला तुकडा कापून तिथे रबरी होज (जाड नळी) आणि ती आवळायला दोन गोल क्लिपा बसवल्या. तेव्हापासून यवतेश्वरचा घाट, कास, ठोसेघर, महाबळेश्वरचा पाऊस आणि कराड-पाटणकडचे खड्डे, सगळं झालं. जोड टिकला. तक्रार आहे ती क्लिपांची, आणि ती मोठी आहे.

आधी पाइप का तुटतो ते. ८० लिटरची टाकी भरली की ८० किलोचं ओझं पट्ट्यांवर लटकतं आणि प्रत्येक स्पीडब्रेकरला थोडं हलतं. पाइपचं दुसरं टोक मात्र चेसिसला बोल्टने आवळलेलं. एल्बोचा जाड सॉकेट संपून पातळ पाइप सुरू होतो तिथे सगळा ताण येतो, म्हणून चीर नेमकी तिथेच पडते. त्यात उन्हाची भर. पीव्हीसी एका मीटरला दर १० अंशांमागे साधारण ०.७ मिमी वाढतं. दोन मीटरच्या लाइनला सकाळ-दुपारच्या ३० अंशांच्या फरकात ४ मिमी जागा हवी, आणि दोन्ही टोकं जखडलेली. एपॉक्सी पुट्टीचा गोळा थापला किंवा झटपट चिकटणारा गोंद आणि खाण्याचा सोडा लावला, तर ती चीर बुजते खरी, पण पुट्टी कडक आणि पाइप हलता. थोड्याच दिवसांत पुट्टीच्या काठाला नवी चीर. नुसतं गळणं थांबवायचं नसून हलण्याला वाट द्यायची आहे, हे वर्कशॉपवाल्यांना कितीही सांगा, ते नवा एल्बोच चिकटवणार.

सातारा-सांगलीकडे पाइपला तोटा नाही, त्रास उलट आहे. शेतीमुळे प्रत्येक बाजारगावात पीव्हीसीचं दुकान, आणि काउंटरवर ‘दीड इंची द्या’ म्हटलं की दोनांपैकी काहीही हातात पडतं. शेतीचा दीड इंची म्हणजे बाहेरून ५० मिमी. घरगुती प्लंबिंगचा जाड भिंतीचा, ‘शेड्यूल ४०’ म्हणतात तो दीड इंची म्हणजे बाहेरून ४८.३ मिमी. पहिला दुसऱ्याच्या सॉकेटात जातच नाही. दुसरा पहिल्याच्या सॉकेटात खुळखुळतो आणि लोक ती फट पीव्हीसी चिकटवायच्या सोल्युशनने भरतात. सोल्युशन म्हणजे फट भरायची पुट्टी नव्हे, ते दोन पृष्ठभाग विरघळवून एक करतं. फट राहिली की सांधा उखडतो. दोन इंचीतही तेच, ६३ आणि ६०.३. तुटलेला तुकडा खिशात घेऊनच दुकानात जा. शेतीचा ४ केजीचा (कमी दाबाचा) पाइप घेऊ नका, भिंत पातळ असल्याने क्लिप आवळताच लंबगोल होतो. शेड्यूल ४० ची भिंत ३.७ मिमीच्या आसपास असते, ती क्लिपेचा दाब सहज सोसते. लागणार जेमतेम फूटभर, तेव्हा कापून मिळतो का विचारा. अख्खी लांबी गळ्यात मारायला दुकानदार टपलेलेच असतात.

टाकी किंवा तिचं तोंड परदेशातून मागवलेलं आणि काळं असेल तर बहुधा ते एबीएस, म्हणजे वेगळ्याच जातीचं प्लास्टिक आहे. पीव्हीसीचं सोल्युशन त्याला धरत नाही. रबरी जोडाची खरी गंमत इथेच: त्याला एबीएस-पीव्हीसी, इंच-मिलिमीटर काही फरक पडत नाही. एका टोकाला ४८.३ आणि दुसऱ्या टोकाला ५० असलं तरी तो दोन्ही धरून ठेवतो.

काम करताना टाकी पूर्ण रिकामी, चाकांना ओट (पुढेमागे दगड), आणि गाडी नुसत्या जॅकवर असेल तर खाली सरकायचं नाही. चीर दिसते त्यापेक्षा पुढे गेलेली असते, म्हणून दोन्ही बाजूंना ५ सेंमी सोडून कापा. पाइपभोवती कागद गुंडाळून त्याच्या कडेने खूण केली की काप सरळ येतो. आतले-बाहेरचे कंगोरे कानसने घासा, नाहीतर तिथे केस आणि भाताची शितं अडकतात. होजचा तुकडा १० ते १२ सेंमी, दोन पाइपांच्या टोकांत सेंमी-दीड सेंमी मोकळी जागा. ही जागा न सोडता टोकाला टोक भिडवलं तर होज घालून उपयोग काय? होज चढत नसेल तर साबणाचं पाणी लावा, ग्रीस नको.

जुन्या लाइनवर कुठे सोल्युशनचा सांधा करायचाच असेल तर आधी कोरडा बसवून पेन्सिलीने खूण करा. सॉकेटला पातळ आणि पाइपला भरपूर थर, घालताना पाव वळसा, मग अर्धा मिनिट घट्ट धरून ठेवायचं. पाणी दुसऱ्या दिवशी. डबीतलं सोल्युशन जेलीसारखं झालं असेल तर ती टाकून द्या. आणि हे काम गॅसचा फ्रिज किंवा शेगडी पेटलेली असताना करू नका, त्याची वाफ पेट घेते.

आता क्लिपा. दुकानात ‘स्टेनलेसच्या आहेत’ म्हणून ज्या देतात त्यांची पट्टी स्टेनलेस असते, स्क्रू साध्या लोखंडाचा, वरून जस्ताचा मुलामा. पावसाळ्यात चाकाखालचा चिखल आणि साबणाचं पाणी लागलं की मुलामा जातो आणि स्क्रू गंजून जाम. जोड गळत नाही, पण उघडायची वेळ आली की क्लिप कापावीच लागते. एका स्क्रूमागे असे किती पैसे वाचवतात कोण जाणे! दुकानात जाताना छोटं चुंबक न्या. स्क्रूला कडकडून चिकटलं तर ती क्लिप परत द्या. पट्टीलाही घट्ट चिकटलं तर ती हलक्या प्रतीच्या स्टेनलेसची. किंचित ओढ जाणवली तर हरकत नाही. पूर्ण ३०४ च्या, म्हणजे चांगल्या स्टेनलेसच्या क्लिपेवर बहुधा ‘डब्ल्यू ४’ असा ठसा असतो, ‘डब्ल्यू २’ म्हणजे वर सांगितलेली, स्क्रू गंजणारी. रुंदी १२ मिमी घ्या. ९ मिमीची जाड होजमध्ये रुतते. होजचा बाहेरचा व्यास ६० च्या आसपास येतो, त्याला ५०-७० ची क्लिप. आवळायला स्क्रूड्रायव्हर नको, खाच खराब होते. षटकोनी डोक्याला ७ नंबरचा बॉक्सपाना बसतो. क्लिपेचं तोंड खाली किंवा आतल्या बाजूला ठेवा, चाकाकडे नको. होजच्या टोकापासून सेंमीभर आत बसवा. पहिल्या फेरीनंतर पुन्हा अर्धा वळसा द्यावा लागतो, कारण रबर दबून बसतं. हे न केल्यामुळेच बहुतेकांचे जोड ठिबकतात आणि दोष होजवर जातो.

होजबद्दलचं मत मात्र मध्येच बदललं. सुरुवातीला रेडिएटरचा होज बसवला होता. स्पेअर पार्टच्या दुकानात सहज मिळतो, उष्णता सोसतो, आत धाग्यांचं विणकाम असतं. तोवर तोच सर्वोत्तम वाटत होता. पावसाळ्यानंतर उघडून पाहिलं तर बेसिनच्या लाइनवरचा ठणठणीत आणि स्वयंपाकाच्या सिंककडचा आतून फुगलेला, बोटाला चिकटणारा. रेडिएटरच्या होजचं रबर ईपीडीएम जातीचं. त्याला गरम पाणी चालतं, तेल चालत नाही, आणि आपल्या सिंकमधून फोडणीचं आणि मिसळीच्या तर्रीचं तेलच जास्त जातं. त्या लाइनला तेल सोसणाऱ्या नायट्राइल रबराचा होज हवा. डिझेल भरायच्या तोंडापासून टाकीपर्यंत जो जाड होज असतो, तो ट्रकच्या स्पेअरमध्ये तुकड्याने मिळतो आणि व्यासही जवळपास जुळतो. महाग आहे, पण इथे कंजूषी करू नका. ताटं कागदाने पुसून धुतली तर दोन्ही होज जास्त जगतील, पाणीही वाचेल.

टांगणीकडे कोणी बघत नाही. घरात चार फुटांवर क्लॅम्प चालतो, गाडीत दोन फुटांवर हवा. बाइंडिंग वायर पाइप कापते. लोखंडी पट्टी वाकवून आत सायकलच्या ट्यूबचा तुकडा घाला. होजच्या अलीकडचा क्लॅम्प टाकीच्या चौकटीला आणि पलीकडचा चेसिसला, म्हणजे हलणं होजमध्येच राहतं. मीटरला २ सेंमी उतार. सायलेन्सरपासून किमान वीतभर लांब, कारण ६० अंशांपुढे पीव्हीसी मऊ पडायला लागतं. याच कारणाने भाताचं किंवा शेवयांचं उकळतं पाणी ओतताना सोबत थंड पाण्याचा नळ सोडा.

तपासताना टाकी काठोकाठ भरा, पाण्यात थोडी नीळ टाका आणि जोडाखाली वर्तमानपत्र ठेवा. उभ्या गाडीत कोरडं निघालं तरी समाधान मानू नका, भरल्या टाकीने चार स्पीडब्रेकर घेऊन या आणि मग परत बघा.

शेवटच्या टोकाचा प्लास्टिकचा बॉल व्हॉल्व्ह हा या सगळ्यातला कच्चा दुवा राहिलाच आहे. साबणाचा चिकटा आणि वाळू बसून त्याची मूठ कडक होते, जोर लावला तर दांडा तुटतो. तो मागच्या बंपरच्या आत घ्या, अलीकडे युनियन (आट्यांनी उघडणारा जोड) टाका म्हणजे काढून धुता येतो, आणि बाहेर आट्यांची टोपी लावा. कासच्या पठारावर फुलांच्या हंगामात साबणाचं पाणी ठिबकवत उभी राहिलेली गाडी कोणी खपवून घेणार नाही, आणि घेऊही नये. टोपीला साखळी लावा, नाहीतर पहिल्याच मुक्कामात ती हरवते.