जाताना खून, येताना प्रेम: पंचवटीतल्या नऊ महिन्यांचा हिशेब

आठवड्यातले तीन दिवस मी मुंबईला जायला नाशिकरोडहून पंचवटी एक्सप्रेस पकडते. जाताना साधारण साडेतीन तास, येतानाही तेवढेच. गेल्या दिवाळीनंतर हे अप-डाऊन सुरू झालं आणि पहिले पंधरा दिवस मोबाईलवर गेले. पण इगतपुरी सुटली की बोगदे लागतात, रेंज जाते, रील अर्ध्यावर गोल गोल फिरत बसतं. मग पिशवीत डब्याशेजारी पुस्तक आलं. मराठी पुस्तकं सावानातून, म्हणजे आपल्या १८४० सालच्या सार्वजनिक वाचनालयातून आणते. इंग्रजी ई-रीडरवर. डब्यातल्या दोघी-तिघी सारख्या विचारतात, "पुढचं काय घेऊ गं?", म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

नियम आपोआप पडला. सकाळी थ्रिलर, संध्याकाळी प्रेमकथा. उलटं करून पाहिलं होतं, पण रात्री दहाला स्टेशनबाहेर स्कूटी काढली की इंदिरानगरपर्यंत मागच्या प्रत्येक हेडलाइटचा संशय यायला लागला.

थ्रिलरमध्ये पहिला नंबर निर्विवाद केइगो हिगाशिनोच्या 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स'चा. मूळ जपानी कादंबरी २००५ ची, मी इंग्रजी वाचली. खून कोणी केला हे सुरुवातीलाच समोर घडतं. जेवणाच्या डब्यांच्या दुकानात काम करणारी घटस्फोटित बाई, तिची शाळकरी मुलगी, पैशासाठी छळणारा माजी नवरा. शेजारी राहतो इशिगामी नावाचा गणिताचा मास्तर. तो येऊन म्हणतो, पुढचं माझ्यावर सोडा. मग उरतं काय, असं वाटतं ना? मलाही वाटलं. कसाऱ्यापर्यंत मी थोडी कंटाळलेच होते. शेवट वाचला त्या दिवशी मात्र दादरला उतरायचं राहिलं आणि थेट सीएसएमटीला गेले.

या पुस्तकाची खरी गंमत पहिल्या काही पानांत आहे. इशिगामी सकाळी नदीकाठाने शाळेकडे चालत निघतो, वाटेत बेघर लोकांच्या झोपड्या लागतात. मी ते वर्णन भरताड समजून चाळलं होतं. संपल्यावर परत पहिलं पान काढलं आणि अंगावर काटा आला. लेखकाने काहीच लपवलेलं नव्हतं, मीच नीट पाहिलं नव्हतं. तेव्हापासून थ्रिलरला माझी कसोटी हीच: फसवलं कोणी, लेखकाने की माझ्या घाईने?

या कसोटीवर ॲलेक्स मायकेलिडीसचं 'द सायलेंट पेशंट' (२०१९) काठावर पास. नवऱ्याला गोळ्या घालून गप्प झालेली चित्रकार आणि तिला बोलतं करायला निघालेला मानसोपचारतज्ज्ञ. वेग जबरदस्त, दोन फेऱ्यांत संपलं. पण शेवटचा धक्का कथेतून कमी आणि मांडणीच्या हातचलाखीतून जास्त येतो. वाचताना मजा आली, परत उघडावंसं वाटलं नाही.

जिलियन फ्लिनचं 'गॉन गर्ल' (२०१२) वेगळं. लग्नाच्या पाचव्या वाढदिवसाला बायको गायब होते. एक प्रकरण नवऱ्याचं, एक तिच्या डायरीचं. मध्यावर जे होतं ते सांगत नाही, पण त्याआधीची संसारातली बारीक चिडचिड इतकी खरी आहे की आमच्या घरात भांडी कोणी घासायची यावरून झालेलं भांडण मला दोन दिवस वेगळंच दिसत होतं. नवऱ्याने मुखपृष्ठ पाहून विचारलं, "हे काय वाचतेयस?" मी म्हटलं, "काही नाही, तू चहा पी."

एक फसलेला सौदाही सांगते. रद्दीच्या एका दुकानात जुन्या पॉकेटबुक रहस्यकथांचा गठ्ठा मिळाला, तीस रुपयांत पाच. वडिलांच्या पिढीने बाबूराव अर्नाळकरांच्या हजाराहून जास्त रहस्यकथांवर तारुण्य काढलं, झुंजार आणि काळापहाड या त्यांच्या नायकांची नावं घरात पाहुण्यांसारखी घेतली जायची. त्या आठवणीने घेतला. त्यातलं दुसरं पुस्तक ऐन रंगात आलं आणि शेवटची आठ पानं गायब! मी मोठ्याने "अरे देवा" म्हटलं असावं, कारण समोरच्या पासधारक काकांनी पेपर खाली केला. मग कल्याण येईपर्यंत अख्ख्या कप्प्याने खुनी शोधला. काकांचा संशय वकिलावर, मागच्या ताईंचा मोलकरणीवर. एकाने तर पुस्तक न वाचता पुतण्याचं नाव घेतलं, "इस्टेट आहे ना? मग पुतण्याच." निकाल अजून लागलेला नाही.

रहस्य आणि प्रेम ही दोन्ही दुकानं एकट्याने चालवणारा आपला माणूस म्हणजे सुहास शिरवळकर. फिरोज इराणी, दारा बुलंद हे रहस्यकथांचे नायक त्यांचेच आणि 'दुनियादारी'ही (१९८२) त्यांचीच. ती वीस वर्षांनी परत वाचली. कॉलेजात असताना कट्टा, दिग्या, शिरीन एवढंच दिसलं होतं. चाळिशीत वाचताना मी त्या पोरांपेक्षा जास्त वेळ बारमधल्या एम. के. श्रोत्रीपाशी थांबले. वय झालं, दुसरं काय.

आता येतानाची पुस्तकं. प्रेमकथेत शेवट आधीच ठाऊक असतो, ही तक्रार मला पटत नाही. घाट चढून गाडी इगतपुरीलाच येणार हे आपल्याला माहीत असतंच की. प्रश्न असतो दोघांच्या मध्ये काय अडलंय याचा. एका फोनने मिटला असता असा गैरसमज तीनशे पानं ताणला असेल तर माझं पुस्तक कल्याणच्या आधी बंद होतं. या नऊ महिन्यांत अशी चार बंद झाली, नावं घेत नाही.

सॅली थॉर्नचं 'द हेटिंग गेम' (२०१६) हलकं, खुसखुशीत. ऑफिसात समोरासमोरच्या टेबलांवर बसणारे दोन शत्रू. सोमवारच्या मीटिंगनंतर उत्तम. डेव्हिड निकोल्सचं 'वन डे' (२००९) जास्त मुरतं. दोघांच्या आयुष्यातली दरवर्षीची फक्त १५ जुलै, १९८८ पासून पुढे वीस वर्षं. मधलं वर्ष आपण भरून काढायचं. त्यातल्या नायकाचा, डेक्स्टरचा, मला इतका राग आला की शेवटाकडे त्याच्यासाठी डोळे भरले तेव्हा स्वतःचाच राग आला.

पण मला सगळ्यात जास्त धरून ठेवलं ते दोनशे वर्षांच्या जुन्या जेन ऑस्टिनने. 'पर्सुएशन' तिच्या मृत्यूनंतर १८१७ च्या डिसेंबरात आलं. ॲन एलियट सत्तावीस वर्षांची, त्या काळाच्या हिशेबाने लग्नाचं वय उलटलेली. आठ वर्षांपूर्वी आलेलं स्थळ तिने मोडलं, कारण मुलाकडे पैसा नव्हता आणि आईच्या जागी असलेल्या बाईने "नको" म्हटलं. हे आपल्याकडे समजावून सांगावं लागत नाही. प्रत्येक घरात अशी एक मावशी किंवा आत्या असते. तो मुलगा आता आरमारात कॅप्टन होऊन, पैसा कमावून परत येतो आणि तिच्याशी जेमतेम बोलतो.

शेवटाकडे एक प्रसंग आहे. खोलीच्या एका टोकाला तो टेबलाशी काहीतरी लिहितोय, दुसरीकडे ॲन एका ओळखीच्या गृहस्थाशी बोलतेय की प्रेम जास्त काळ कोण जपतं, बाई की पुरुष. मध्येच त्याची लेखणी खाली पडते. एवढा एकच आवाज. तो ऐकतोय की काय, अशी शंका तिला तेव्हा येते. मी हे वाचत होते तेव्हा गाडी कसाऱ्याला थांबली होती, बाहेर वडेवाला ओरडत होता आणि मी ते पान तीनदा वाचलं.

एक पुस्तक मात्र कोणत्या वेळेला वाचावं हे ठरेना. डाफ्ने द्यू मॉरिएचं 'रिबेका', १९३८ चं. साध्या घरची बुजरी मुलगी श्रीमंत विधुराशी लग्न करून त्याच्या वाड्यात येते आणि तिथे पहिल्या बायकोचंच राज्य चालू असतं, हाताखालच्या बाईपासून चिठ्ठ्यांवरच्या अक्षरापर्यंत. प्रेमकथा म्हणून संध्याकाळी सुरू केलं, भीती वाटायला लागली म्हणून सकाळवर ढकललं, सकाळी पुन्हा प्रेमकथा वाटायला लागली. शेवटी घरी रविवारी दुपारी संपवलं.

त्याची छापील प्रत मी मागच्या मंगळवारी डब्यातल्या ताईंना दिली. त्या दोन ओळी वाचल्या की खिडकीबाहेर बघतात, म्हणून काही विचारलं नव्हतं. काल इगतपुरीला चहा आला तेव्हा त्याच वैतागून म्हणाल्या, "अगं, अर्धं झालं, या नायिकेचं नाव कुठे आलंय? मी पान चुकले का एखादं?"

मी म्हटलं, "वाचा की पुढे." पुस्तक संपेपर्यंत ते येत नाही, हे काही त्यांना सांगितलं नाही.