सीडी४, क्लोन आरपीए-टी४, रंग पीई-साय७ : आठ महिन्यांच्या वापरानंतर

सीडी४ हा टी पेशींच्या (रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशींच्या) एका गटाच्या पृष्ठभागावरचा रेणू, आणि त्याला चिकटणारी ही रंग जोडलेली अँटिबॉडी. मानवी रक्तातील टी पेशी फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे एकेका पेशीवर लेसर टाकून तिच्यावरच्या रंगांचा प्रकाश मोजणाऱ्या यंत्रावर, ओळखण्यासाठी आमच्या प्रयोगशाळेत ती गेले आठ महिने रोजच्या वापरात आहे. पहिली व्हायल संपली, दुसरी निम्म्यावर आली, तेव्हा आता मत द्यायला हरकत नाही. अँटिबॉडीबद्दल माझी काहीही तक्रार नाही. तिला जोडलेल्या रंगाने मात्र एकदा चांगलाच घाम फोडला.

आधी मात्रेविषयी. सोबतच्या पत्रकात १०० मायक्रोलिटर रक्ताला ५ मायक्रोलिटर असे लिहिले आहे. आम्ही एकाच रक्तावर ५, २.५, १.२५ आणि ०.६ मायक्रोलिटर अशा उतरत्या मात्रांनी टायट्रेशन केले, म्हणजे कोणती मात्रा सर्वांत योग्य ते तपासले. पाचला निगेटिव्ह (सीडी४ नसलेल्या) पेशींचे आलेखावरचे शिखर उगाचच रुंदावलेले दिसत होते, ०.६ ला पॉझिटिव्ह शिखर खाली सरकू लागले, आणि दोन्ही शिखरांतले अंतर १.२५ ला सर्वांत स्वच्छ मिळाले. शंभर चाचण्यांची म्हणून आलेली ५०० मायक्रोलिटरची व्हायल त्यामुळे जवळजवळ चौपट पुरली. इतके थोडे द्रव प्रत्येक नळीत वेगळे टाकताना हात चुकतो, म्हणून त्या दिवसापुरते सर्व रंगांचे एकत्र मिश्रण करून तेच वाटावे. व्हायल उघडण्यापूर्वी एकदा सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून घ्यावी. झाकणाला चिकटलेला तो गुलाबी थेंब म्हणजे किमान पाच-सहा नमुने असतात.

क्लोनची, म्हणजे अँटिबॉडी ज्या एका पेशीवंशातून बनते त्याची, निवड आम्ही विचारपूर्वक केली होती. जुना ओकेटी४ क्लोन सीडी४ रेणूच्या वेगळ्या जागी बसतो, आणि काही व्यक्तींमध्ये त्या जागेच्या रचनेतील फरकामुळे तो बसतच नाही. पेशी असूनही त्या नाहीत असे चित्र दिसते. आरपीए-टी४ आणि एसके३ हा दुसरा क्लोन हे रेणूच्या टोकाकडच्या भागाला धरतात, त्यामुळे हे दोघे एकमेकांची वाट अडवतात. एकाच नळीत दोन्ही घालू नयेत. मोनोसाइट या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींवरही सीडी४ थोड्या प्रमाणात असतो, म्हणून आलेखावर मध्ये एक फिकट पुंजका दिसतो. आमच्या एका नव्या विद्यार्थिनीने तो टी पेशींत धरला होता. आधी सीडी३ (सर्व टी पेशींवर असणारा रेणू) वर गेट लावला, म्हणजे तो असलेल्याच पेशी निवडल्या, की हा प्रश्न उरत नाही. पीएमए आणि आयनोमायसिन या रसायनांनी पेशी उद्दीपित केल्यावर सीडी४ पृष्ठभागावरून आत ओढला जातो आणि सिग्नल बसतो, तो दोषही या अँटिबॉडीचा नव्हे. अशा प्रयोगात आम्ही सीडी३ पॉझिटिव्ह, सीडी८ (टी पेशींच्या दुसऱ्या गटावरचा रेणू) निगेटिव्ह पेशी घेतो.

आता रंगाकडे वळतो. पीई-साय७ हा जोडरंग आहे: ४८८ नॅनोमीटरच्या लेसरने पीई उद्दीपित होते, ती ऊर्जा शेजारच्या साय७ कडे जाते आणि प्रकाश ७८० च्या आसपास बाहेर पडतो. ही जोडी उजेडाने किंवा फिक्सेशनने (पेशी रसायनाने टिकवून ठेवण्याने) सैल झाली की ऊर्जा पुढे जात नाही आणि पीई स्वतःच ५७८ ला चमकू लागते. तिसऱ्या महिन्यात आमचे नेमके हेच झाले. यंत्र दुसऱ्या गटाकडे होते, म्हणून मी नमुने १ टक्का पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये रात्रभर ठेवले, आणि फॉइल गुंडाळायला विसरलो. दुसऱ्या दिवशी सीडी२५ (नियामक टी पेशींवर जास्त असणारा रेणू; त्याच्या अँटिबॉडीला आम्ही पीई रंग जोडलेला होता) जवळपास सगळ्याच सीडी४ पेशींवर वाढलेला दिसला. नियामक टी पेशी वाढल्या या आनंदात अर्धा दिवस गेला. मग लक्षात आले की पुंजका सरळ वर न जाता तिरपा वर चढतो आहे, जितका सीडी४ जास्त तितका सीडी२५ जास्त, आणि सीडी८ पेशी जागच्या जागी आहेत. केवळ सीडी४ लावलेली, तशीच उघडी राहिलेली नळी चालवली, तर पीईची एकही अँटिबॉडी नसताना पीईचा सिग्नल हजर! तो सगळा दिवस टाकून द्यावा लागला. चूक माझी होती, पण रंग इतका नाजूक असल्याची किंमत वापरणाऱ्याने आधीच हिशेबात धरावी.

तेव्हापासून रॅकवर फॉइल असते, हूडचा दिवा बंद असतो, आणि फिक्स केलेले नमुने त्याच दिवशी चालवले जातात. दुसरी व्हायल वेगळ्या लॉटची (उत्पादनाच्या खेपेची) होती. जुने कॉम्पेन्सेशन, म्हणजे एका रंगाची दुसऱ्यात होणारी गळती वजा करणारी दुरुस्ती, तिला लावल्यावर पीईमध्ये शेपूट उरले, कारण जोडरंगाची गळती प्रत्येक लॉटला वेगळी असते. ही दुरुस्ती ठरवण्यासाठीची एकरंगी नियंत्रण नळी नव्या लॉटचीच हवी. व्हायल ऐन मे महिन्यात आली तेव्हा थर्मोकोलच्या पेटीतले जेलपॅक पूर्ण वितळलेले होते. जुन्या व्हायलच्या उरलेल्या थेंबांशी ताडून पाहिले, सिग्नल सारखाच निघाला, म्हणून ठेवून घेतली. ही फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांवरच राहावी. गोठवली तर पीई खराब होते.

पुढच्या मागणीत रंगांची अदलाबदल केली आहे. आमच्या यंत्रात व्हायोलेट लेसर नाही, त्यामुळे पर्याय मोजकेच होते. सीडी४ साठी हाच आरपीए-टी४ क्लोन, पण एपीसी या वेगळ्या रंगावर. आणि पीई-साय७ सीडी८ वर. रंग सुटलाच तर पीईची गळती ज्या पेशींवर पडेल, त्यांचा सीडी२५ आम्ही पाहतच नाही.