जुळलेल्या नंबराचा बोल्ट

माझे आजोबा सातारा जिल्ह्यात पोलीस शिपाई होते. ट्रेझरीच्या गार्डवर त्यांनी बरीच वर्षं काढली आणि तेवढी वर्षं त्यांच्या खांद्याला थ्री नॉट थ्री होती. घरी त्यांचा एकच गणवेशातला फोटो आहे, त्यात तीच रायफल आहे. मी कॉलेजात एनसीसीत होतो तेव्हा परेडला आम्हालाही थ्री नॉट थ्रीच मिळायची, पण डीपी. डीपी म्हणजे ड्रिल पर्पज. गोळी झाडण्याच्या लायकीची न राहिलेली, फक्त कवायतीला ठेवलेली रायफल. हे मला तेव्हापासून माहीत होतं, म्हणूनच पुढे जे झालं ते जास्त लागलं.

मी पेनसिल्व्हेनियात राहतो. एच-१बी व्हिसावर असताना शस्त्राचा विचारही केला नव्हता. त्या व्हिसावर बंदूक बाळगायला काही अपवाद सोडले तर कायद्याने बंदी आहे, आणि शिकारीच्या परवान्याच्या जोरावर पळवाट काढावी असं मला कधी वाटलं नाही. ग्रीन कार्ड आल्यानंतर एका परवानाधारक दुकानातून, फॉर्म भरून आणि पार्श्वभूमीची तपासणी होऊन, मी एक जुनी ली-एन्फिल्ड घेतली, म्हणजे तीच थ्री नॉट थ्री. मॉडेल नंबर वन मार्क थ्री स्टार. बटाच्या, म्हणजे दस्त्याच्या गळ्यावर मुकुट, त्याखाली जीआरआय ही सम्राट जॉर्जची अक्षरं, त्याखाली इशापूर आणि १९४२. बंगालमधल्या त्या कारखान्यातून निघालेली रायफल पेनसिल्व्हेनियातल्या दुकानात उभी होती. फोटोतल्या आजोबांच्या रायफलीवरही इशापूरच असेल, असं मी मनात धरून चाललो होतो.

पण ती अर्धीच होती. सरकारी शिलकीतल्या अशा रायफली इथे एकेकाळी फार स्वस्त मिळायच्या. लोक पुढचं लाकूड कापून, नळीच्या टोकाजवळचं लोखंडी टोपण काढून त्यांची हलकी शिकारी रायफल करायचे. माझीही तशीच कापलेली, आणि तिला बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा दांडीचा भाग, दुसऱ्याच रायफलीचा होता. दुकानदाराने ते लपवलं नाही, किंमतही त्याच हिशेबाने लावली. मला ती हळूहळू मूळ रूपात आणायची होती. इथे कायद्याच्या दृष्टीने रिसीव्हर, म्हणजे बॅरल आणि बोल्ट ज्यात बसतात तो मधला भाग, हीच बंदूक. लाकूड, टोपण, साइट, मॅगझिन, बोल्ट हे सुटे भाग टपालाने घरी येतात. ते विकणाऱ्याला परवाना लागत नाही, आणि फसवणारे नेमके तिथेच बसलेले असतात.

मला भेटलेल्या माणसाकडे 'इशापूर किट' होतं. फोटो सुरेख होते. तेल पाजलेलं गडद लाकूड आणि त्यातून आडवा गेलेला तो स्क्रू. लाकूड फाटू नये म्हणून भारतात हा स्क्रू घालत, त्यावरून इशापूरचं काम लगेच ओळखू येतं. मी त्याला आजोबांबद्दल सांगितलं. सांगायला नको होतं. दोन दिवस तो त्यांच्याबद्दलच विचारत राहिला. नोकरी कुठे, किती वर्षं, फोटो आहे का. मग म्हणाला, "तुमच्या रायफलीचा नंबर पाठवा. माझ्याकडे बोल्टचं एक खोकं पडून आहे. नशीब असेल तर जवळपासचा नंबर सापडेल."

मी नंबर पाठवला.

त्या नंबराचं महत्त्व सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. ली-एन्फिल्डचा बोल्ट मागच्या बाजूने अडकतो. कारखान्यात प्रत्येक बोल्ट आपापल्या रिसीव्हरला बसवून, घासून, जुळवून घेतलेला असतो. म्हणून रिसीव्हरवरचा नंबर बोल्टच्या दांडीच्या मागेही ठोकतात. दुसऱ्या रायफलीचा बोल्ट आत जातो, फिरतो, बंदही होतो. पण बोल्टचं तोंड आणि बॅरल यांच्यात जेवढी जागा हवी तेवढीच राहिली आहे की नाही, हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. जागा जास्त झाली तर गोळी सुटताना पितळी काडतूस ताणलं जातं आणि बुडाजवळ तुटू शकतं. तसं झालं तर तापलेला वायू झाडणाऱ्याच्या चेहऱ्याकडे येतो. म्हणून नंबर जुळलेल्या रायफलीला जास्त पैसे मिळतात, आणि ते रास्तही आहे.

पाच दिवसांनी त्याचा निरोप आला. "विश्वास बसणार नाही. तुमचाच बोल्ट सापडला. तोच नंबर." सोबत फोटो. खरोखर तोच नंबर, प्रत्येक आकडा.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ऐंशी वर्षांपूर्वी एकत्र ठोकलेले दोन तुकडे, कुठे कुठे फिरून पुन्हा एकत्र येणार होते. मी ते लगेच बाबांना फोन करून सांगितलं. बाबा म्हणाले, "अरे, असं होतं होय?" त्यांना तो प्रश्न खरंच पडला होता. मी मात्र कौतुक समजून पुढे बोलत राहिलो.

किटसह त्याने ६४० डॉलर सांगितले. पैसे मोबाइलवरून पाठवायचे, 'मित्राला पाठवतो आहे' हा पर्याय निवडायचा आणि शेऱ्यात कॅम्पिंगचं सामान लिहायचं. कारण सांगितलं की पैसे पोचवणाऱ्या कंपन्या बंदुकीच्या भागांचे व्यवहार अडवतात. त्यातलं अडवण्याचं खरं आहे, म्हणून बाकीचंही खरं वाटलं. पण मित्राला म्हणून पाठवलेल्या पैशांना खरेदीचं संरक्षण नसतं, आणि शेऱ्यातलं खोटं वाक्य माझ्याच नावावर राहतं. पुढे तक्रार केली तेव्हा कंपनीने हीच दोन कारणं दाखवून फाइल बंद केली.

खोकं आलं. लाकूड फोटोतलं नव्हतं, पण वाईटही नव्हतं. बोल्ट चकचकीत काळा होता. मी तो बसवला, बंद झाला. त्याच शनिवारी रेंजवर जायचं ठरवलं होतं. रायफल विकणाऱ्या दुकानदाराने मला त्या वेळी एक वाक्य बजावून सांगितलं होतं: बोल्ट बदललास तर गनस्मिथला, म्हणजे बंदुकीच्या कारागिराला दाखवल्याशिवाय एकही गोळी झाडू नकोस. ते मी पाळलं. या सगळ्या व्यवहारात माझ्या हातून झालेली ही एकच बरोबर गोष्ट.

गनस्मिथ सत्तरीचे आहेत, कमी बोलतात. त्यांनी आधी गेज, म्हणजे बोल्ट आणि बॅरलमधली जागा तपासायचं ठरावीक जाडीचं माप लावलं. या काडतुसासाठी ०.०६४ इंचाच्या गेजवर बोल्ट बंद व्हायला हवा, आणि ०.०७४ इंचाच्या गेजवर होता कामा नये. माझा बोल्ट ०.०७४ वर अलगद बंद झाला. मग त्यांनी भिंग दिलं. बोल्टची दांडी जिथे आकडे होते तिथे किंचित खोलगट होती, म्हणजे जुना नंबर घासून काढलेला. नव्या आकड्यांच्या कडा धारदार, वरून काळा रंग. रिसीव्हरवरचा चार आणि बोल्टवरचा चार वेगवेगळ्या ठशांचे होते. दांडीच्या टोकावरच्या गोल मुठीखाली, जिथे रंग नीट पोचला नव्हता, तिथे एका अक्षराचा अर्धा गोल दिसत होता. त्यांनी सॉल्व्हंटचं बोट फिरवलं. डी. शेजारी पी.

लाकडावरही तेच निघालं. बटाजवळ लाकडाची लुगदी भरून, पॉलिश मारून बुजवलेली दोन अक्षरं. कॉलेजात दोन वर्षं मी तीच अक्षरं असलेली रायफल खांद्यावर घेऊन उभा राहिलो होतो.

"शनिवारी झाडली असतीत का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. त्यावर ते काही बोलले नाहीत. बोल्टला लाल चिठ्ठी बांधली आणि रायफलीपासून वेगळा ठेवला.

पैसे बुडाले, त्याचं दुःख आहे. पण झिजून बाद झालेला भाग घासून, रंगवून, दुसऱ्याच्या नंबराने ठोकून तो त्याच्या चेहऱ्यासमोर लावायला विकणं, याला मी नुसती फसवणूक म्हणू शकत नाही. पोलिसांत तक्रार दिली आहे. त्याने मला ब्लॉक केलं, नाव बहुधा खोटंच होतं.

कुणी असं काही घेणार असाल तर आपला नंबर आधी सांगू नका. त्याच्याकडच्या बोल्टचा नंबर त्याला आधी पाठवू द्या. आजच्या तारखेच्या कागदाशेजारी ठेवून काढलेला फोटो मागा, रंगाखालच्या धातूचाही मागा. आणि भारतातून मला दोघातिघांनी विचारलं म्हणून लिहितो: आठवण म्हणून एखादा भाग सुटकेसमधून आणून देतो असं कुणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा. १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्राचे सुटे भागही शस्त्रच धरले जातात.

महिन्याभराने रेंजवर मी ही हकीकत सांगत होतो. शेजारच्या बाकावरचा एक जण ऐकत होता. त्याच्याकडे कॅनडात बनलेली ली-एन्फिल्ड होती. आठवड्यापूर्वी त्यालाही मूळ नंबराचा बोल्ट सापडला होता, आणि तो बोल्ट त्या क्षणी त्याच्या रायफलीत होता. मी त्याला विचारलं, "नंबर आधी कोणी सांगितला होता? त्याने की तुम्ही?"

तो थोडा वेळ रायफलीकडे बघत राहिला. मग त्याने मॅगझिन काढून बाजूला ठेवलं.

"मीच," तो म्हणाला.